वेलभाज्यांना स्वस्तातला भक्कम आधार : तिकाटणे, दुपाखी ताटी आणि मांडव

दोडक्याचे बी ज्या दिवशी टोचाल त्याच दिवशी, जमले तर त्याच्या आदल्या दिवशी, त्याचा आधार उभा करा. नव्याने भाजीपाला लावणारे बहुतेक जण नेमके उलट करतात. वेल हातभर वाढून कुंडीबाहेर लोंबू लागली की मग काठीची शोधाशोध सुरू होते. तोवर मुळे कुंडीभर पसरलेली असतात. खुपसलेली काठी ती मुळे तोडत खाली जाते, आणि लोळणारी वेल उचलून काठीवर घालताना तिचा शेंडा हमखास मोडतो. काकडीवर्गातल्या वेली तीन आठवड्यांच्या आसपास आधार शोधायला लागतात. त्या वेळी सुतळी समोर असली तर पुढचे काम त्या स्वतःच करतात.

पुण्यातल्या बागा म्हणजे बहुतेक गच्ची, बाल्कनी किंवा बंगल्याभोवतीची चार-पाच फुटांची पट्टी. तिथे वेल जमिनीवर पसरवायला जागाच नाही. उभी चढवली तर एका चौरस फुटात सहा-सात फूट वेल मावते, पावसानंतर पाने लवकर सुकतात, त्यामुळे केवडा (पानांवर पिवळे डाग पाडणारा बुरशीरोग) कमी पडतो, आणि फळ मातीला टेकून सडत नाही. यासाठी दुकानातली लोखंडी कमान घ्यावी लागत नाही. बांबू, सुतळी, जुन्या बादल्या आणि एक सुटीचा दिवस एवढे पुरे. मात्र दोन गोष्टी नीट समजून घ्या: वेल आधाराला कशी धरते, आणि वारा त्या आधाराला कसा ढकलतो. वेलीच्या वजनाची काळजी सगळे करतात. आधार पडतात ते जास्त करून वाऱ्याने.

आधी वेलीची पकड ओळखा

काकडी, दोडका, घोसाळे, कारले, पडवळ, दुधी, तोंडली या सगळ्या वेली तणाव्यांनी चढतात. पेरापाशी दोऱ्यासारखा जो बारीक धागा फुटतो तो तणावा. तो हवेत फिरत राहतो, कशाला तरी लागला की काही तासांत त्याला विळखा घालतो आणि मग स्वतःच पिळत जाऊन स्प्रिंगसारखा होतो. त्या स्प्रिंगमुळे वेल आधाराकडे ओढली जाते आणि वाऱ्याचा झटका बसला तरी तुटत नाही. पण धागा बारीक, म्हणून त्याची मिठीही लहान. बोटाएवढ्या किंवा त्याहून बारीक वस्तूलाच तो धरू शकतो. दीड इंची गुळगुळीत बांबूवरून तो घसरतो. म्हणून या वेलींसाठी बांबूचा फक्त सांगाडा करायचा आणि चढायला सुतळी किंवा जाळी द्यायची. वाटाण्याचे तणावे पानाच्या टोकाला येतात आणि आणखी नाजूक असतात. त्याला पेन्सिलीपेक्षा बारीक काटक्या लागतात.

वाल, पावटा, चवळी, वेलीचा घेवडा, चौधारी घेवडा आणि मायाळू यांना तणावे नसतात. यांचे अख्खे खोडच काठीला वेढे घालत वर जाते. यांना जाड काठी चालते, खरबरीत असली तर उत्तम. आडवी सुतळी यांच्या काही कामाची नाही, उभाच आधार हवा. घेवडा वरून पाहिल्यास घड्याळाच्या उलट दिशेने वेढे घालतो. त्याला हाताने दुसऱ्या बाजूने गुंडाळलात तर तो पुन्हा सुटून येतो. कोणत्याही वेलीच्या बाबतीत ती स्वतः कुठल्या बाजूने वळते आहे ते बघा आणि तसाच पहिला वेढा द्या. बी घेताना पाकीटही वाचा, कारण घेवडा आणि चवळी दोन्हींचे झुडपी वाण मिळतात आणि त्यांना ताटी, म्हणजे वेल चढवायची बांबू-सुतळीची चौकट, लागत नाही.

टोमॅटो या दोन्ही गटांत बसत नाही. तो धरतही नाही आणि वेढेही घालत नाही. त्याला बांधावेच लागते. त्याचे पुढे सांगते.

ऊन कुठून, वारा कुठून

ताटी बागेच्या उत्तर कडेला उभी करा. डिसेंबरात पुण्यात दुपारी बारालाही सूर्य दक्षिणेकडे बराच कललेला असतो, क्षितिजापासून साधारण ४८ अंशांवर. सहा फुटी ताटीची सावली तेव्हा उत्तरेकडे जवळजवळ साडेपाच फूट पडते. ताटी दक्षिण कडेला असली तर मागची मेथी, पालक, मिरची सगळी त्या सावलीत जाते. मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस सूर्य आपल्या डोक्यावरून जातो, तेव्हा भर दुपारी सावली जवळपास नसतेच. म्हणून उन्हाळ्यात चांगली वाटलेली जागा थंडीत फसवते. जागा हिवाळ्याच्या उन्हाने ठरवावी.

आता वारा. पावसाळ्यात पुण्यात तो पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येतो. एप्रिल-मेच्या वळवाच्या सरींआधी जी वावटळ सुटते तिला मात्र दिशा नाही, आणि जोर तिचाच जास्त. हिशेब करून बघा. पानांनी गच्च भरलेल्या सहा फूट उंच, चार फूट रुंद ताटीवर ताशी ५० किलोमीटरच्या वाऱ्यात सुमारे २५ किलोचा आडवा रेटा बसतो. तो रेटा ताटीच्या मध्यावर, म्हणजे तीन फूट उंचीवर लागतो असे धरा. ताटी सरळ उभी असेल आणि तिचे दोन्ही खांब वाळूने भरलेल्या रंगाच्या बादल्यांत असतील, तर दोन बादल्यांचे मिळून ६० किलो वजनही तिला धरून ठेवू शकत नाही, कारण बादलीचा तळ फूटभरच रुंद असतो. खांब फाकवून पाय चार फुटांवर नेले की तेवढेच वजन पुरते. गच्चीसाठी दोन पाखांची, म्हणजे छपरासारख्या दोन उतरत्या बाजूंची ताटी सगळ्यात भरवशाची, ती याच कारणाने. सपाट उभी ताटी करायचीच असेल तर ती कठड्याला, जिन्याच्या भिंतीला किंवा पक्क्या लोखंडी पाइपला दोन जागी बांधलेली हवी.

सामान आणि ते कुठे मिळेल

बांबू बुरूड आळीत मिळतो. सांगाड्याला सव्वा ते दीड इंच जाडीचा घ्या. पोपटी रंगाचा ओला बांबू टाळा. तो वाळताना आक्रसतो आणि आज घट्ट मारलेला बांध महिन्याभरात सैल पडतो. पिवळसर, जड, बोटाने ठोकल्यावर खणखणीत वाजणारा बांबू पक्का. बारीक पिठासारखी भुकटी पडत असलेला बांबू भुंग्याने पोखरलेला असतो, तो फुकटही घेऊ नका. लागणाऱ्या लांब्या कागदावर लिहून न्या आणि दुकानातच कापून घ्या, म्हणजे पंधरा-सोळा फुटी बांबू घरी कसा आणायचा हा प्रश्न उरत नाही. उभ्या चिरलेल्या कामट्याही तिथेच मागा. तिरके आधार आणि बारीक जाळीकाम त्यांनीच होते.

सुतळी, काथ्या, बाइंडिंग तार आणि वेलजाळी बोहरी आळीत मिळते. तिथे गोळ्यावर किंवा वजनावर घेतलेली सुतळी नर्सरीतल्या छोट्या बंडलापेक्षा स्वस्त पडते. लोखंडी पाइप, अँगलचे तुकडे, सायकलची जुनी चाके हवी असतील तर बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारा. गणपती-नवरात्र उरकले की मांडववाल्यांकडे मोडके, आखूड झालेले बांबू पडून असतात. त्यांच्या कामाचे नसलेले पाच-सहा फुटी तुकडे आपल्याला अगदी योग्य असतात. विचारायला संकोच करू नका.

पैसे न देता मिळणाऱ्या वस्तूही बऱ्याच आहेत. पावसाळ्यापूर्वी सोसायट्यांत फांद्या छाटतात तेव्हा सुबाभळीच्या सरळ काठ्या बाजूला काढून ठेवा. गावाकडे कोणी असेल तर तुराट्यांची एक मोळी मागवा. तुरीची वाळलेली काटकी वाटाण्याला आणि लहान घेवड्याला अतिशय चांगली. घराला रंग दिल्यावर उरलेल्या २० लिटरच्या बादल्या, कांद्याच्या जाळीच्या पिशव्या, जुन्या सुती साड्या आणि टी-शर्टही जपून ठेवा.

प्लॅस्टिकच्या जाळीबद्दल एक कळकळीची सूचना. घ्यायची तर चार ते सहा इंची घराची घ्या. कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक विणीची नायलॉन जाळी स्वस्त मिळते, पण तिच्यात बुलबुल, चिमण्या, सरडे अडकतात आणि तडफडून मरतात. शिवाय बारीक घरातून हात जात नाही, त्यामुळे आतल्या बाजूला धरलेले कारले काढता येत नाही. जाळी न घेता सुतळीच ताणलीत तर दोन्ही अडचणी टळतात.

पहिले काम : तिकाटणे

ज्यांनी आजवर काही बांधलेले नाही त्यांनी तिकाटण्यापासून, म्हणजे वर एकत्र बांधून खाली फाकवलेल्या तीन काठ्यांपासून, सुरुवात करावी. सहा ते सात फुटी तीन काठ्या, अंगठ्याएवढ्या जाडीच्या. तिन्ही जमिनीवर शेजारी शेजारी ठेवा. वरच्या टोकापासून सात-आठ इंचांवर सुतळी पहिल्या काठीला गाठ मारून घ्या आणि काठ्यांच्या वरून-खालून, वरून-खालून अशी नागमोडी पाच-सहा वेळा फिरवा. मग प्रत्येक दोन काठ्यांच्या फटीतून सुतळीचे दोन-दोन आवळते वेढे घाला आणि शेवटची गाठ मारा. हे वेढे फार करकचून मारू नका, नाहीतर काठ्या फाकणार नाहीत. आता मधली काठी एका बाजूला, कडेच्या दोन दुसऱ्या बाजूला ओढत तिकाटणे उभे करा. पाय फाकले की बांध आपोआप आवळतो.

जमिनीत पाय सहा इंच गाडा. मोठ्या ग्रो बॅगेत उभे करायचे असेल तर पाय थेट तळापर्यंत जाऊ द्या आणि कडेला टेकवा. प्रत्येक पायाशी वाल किंवा चवळीचे दोन बी टोचा, उगवल्यावर जोमदार एक ठेवा. चवळी, घेवडा, मायाळू यांना एवढे पुरते. काकडी किंवा कारले लावणार असाल तर तिन्ही काठ्यांभोवती खालपासून वरपर्यंत वीतभर अंतराने सुतळीचे आडवे फेरे घ्या आणि प्रत्येक काठीला एक वेढा देत जा. दुधी आणि लाल भोपळ्याला तिकाटणे देऊ नका, ते अपुरे पडते.

मुख्य काम : गच्चीवरची दुपाखी ताटी

हे काम दोघांनी करावे. उभे करताना एकाने धरले नाही तर सांगाडा पिळला जातो. सामान असे: सात फुटी चार बांबू पायांसाठी, सहा फुटी तीन बांबू, त्यांतला एक आढ्याला (सगळ्यात वरच्या आडव्या बांबूला) आणि दोन खालच्या आडव्यांना, आठ फुटी दोन कामट्या तिरक्या आधाराला, चार बादल्या, आणि दोन्ही पाखांच्या उभ्या दोऱ्यांना मिळून साधारण ५० मीटर सुतळी. बांधांसाठी वेगळा काथ्या घ्या. बाजारातले चार लांब बांबू कापले की यातले सगळे बांबू निघतात.

पायांच्या दोन जोड्या करायच्या. दोन बांबू फुलीसारखे एकमेकांवर ठेवा, टोकापासून सहा इंचांवर छेद येऊ द्या आणि खालचे पाय चार फूट फाकवा. छेदावर काथ्याचे चार वेढे एका तिरक्या दिशेने, चार दुसऱ्या तिरक्या दिशेने मारा. मग दोन बांबूंच्या मधून, म्हणजे बांधाच्या कमरेवरून, तीन वेढे शक्य तितके ओढून घाला. बांध पक्का होतो तो या शेवटच्या वेढ्यांनी. नुसत्या वरच्या वेढ्यांवर भरवसा ठेवू नका. काथ्या आधी पाच मिनिटे पाण्यात भिजवला तर हाताला कमी लागतो. वर बाइंडिंग तारेचे दोन फेरे घालायचे असतील तर टोके पकडीने आत दाबून टाका. तारेची उघडी टोके लहान मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर येतात.

दोन्ही जोड्या पाच फुटांच्या अंतराने उभ्या करा. वरच्या छेदांच्या बेचक्यात आढे ठेवा आणि दोन्हीकडे फुलीचा बांध मारा. आढे साधारण सहा फुटांवर येते, म्हणजे स्टूल न घेता हात पोचतो. खाली, जमिनीपासून सहा-आठ इंचांवर, दोन्ही बाजूंना आडवे बांबू बांधा. यानंतर सांगाडा हाताने ढकलून पाहा. लांबीच्या दिशेने तो डुलतो. चौकोन दाबला की कलतो, त्रिकोण कलत नाही. म्हणून दोन्ही पाखांवर एकेक कामटी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी बांधा, एका पाख्यावर उजवीकडे चढणारी आणि दुसऱ्यावर डावीकडे. डुलणे तिथेच थांबते. घाईत हा तिरका आधार गाळला जातो, आणि जुलैत ताटी आडवी होते.

आता पाय बादल्यांत. बादलीच्या बाजूला, तळापासून इंचभर वर, तीन-चार भोके पाडा, नाहीतर पाणी साचून बांबू कुजेल आणि डास होतील. तळाशी वीटेचे तुकडे, त्यावर पाय, मग खडी आणि वाळू ठासून भरा. अशी एक बादली ३० किलोच्या आसपास भरते. बादल्या स्लॅबच्या मधोमध न ठेवता खालच्या भिंती किंवा तुळया जिथून गेल्या आहेत त्यांच्यावर ठेवा. जुनी इमारत असेल तर गच्चीवर वजन वाढवण्याआधी इंजिनियरला दाखवून घ्या. कठड्यात किंवा स्लॅबमध्ये खिळे, हुक ठोकू नका. वॉटरप्रूफिंगला एक भोक पडले की खालच्या घरात गळती सुरू होते आणि मग सोसायटीत बागेचाच विषय निघतो.

शेवटी सुतळी. खालच्या आडव्या बांबूला गाठ मारून वर आढ्यावरून एक पूर्ण वेढा, परत खाली, तिथे पुन्हा वेढा, असे करत अर्ध्या अर्ध्या फुटावर दोरे ताणा. प्रत्येक ठिकाणी पूर्ण वेढा घ्याच. मग एखादा दोरा तुटला तर शेजारचे सैल पडत नाहीत. काकडीवर्गासाठी नंतर फूटभर अंतराने आडवे दोरे विणा. वाल-चवळीला उभे दोरे पुरतात.

कुंड्या किंवा पिशव्या पाखांच्या बाहेरच्या बाजूला, खालच्या बांबूला लागून ठेवा. वेल बाहेरून चढते आणि दोडका, काकडी, कारली आतल्या बाजूला लोंबतात, तिथून ती उन्हाने भाजत नाहीत आणि चटकन दिसतात. एप्रिल-मेमध्ये आतली सावली वाया घालवू नका. कोथिंबीर आणि पुदिना त्या दिवसांत उघड्या गच्चीवर होरपळतात, ताटीखाली मात्र चांगले राहतात.

बाल्कनीत

बाल्कनीत सांगाडा लागतच नाही, ग्रिल असते. वरच्या पट्टीपासून खालच्या पट्टीपर्यंत वीतभर अंतराने सुतळी ताणा. ग्रिलचे लोखंड पश्चिमेच्या बाजूला मे महिन्यात हाताला चटका देण्याइतके तापते, त्यावर कोवळा शेंडा टेकू देऊ नका. जिथे वेल लोखंडावरून जाणारच आहे तिथे लोखंडाला सुतळी गुंडाळा. दुधीसारखी मोठी वेल ग्रिलबाहेर सोडू नका, फळ खाली कोणाच्या अंगावर पडू शकते. इथे काकडी, कारली, मायाळू आणि तोंडली लावा. तोंडली वर्षानुवर्षे राहते, तिला सुतळीऐवजी काथ्या किंवा प्लॅस्टिकचे आवरण असलेली तार द्या.

जमीन असेल तर मांडव

पडवळ आणि दुधी खरे शोभतात ते मांडवावरच. पडवळाला मोकळे लोंबायला जागा नसली तर ते वेडेवाकडे होते. कोवळ्या पडवळाच्या टोकाला लहानसा दगड बांधून ते सरळ करायची आपल्याकडची जुनी रीत आहे, आणि ती उपयोगी आहे.

मांडवाची उंची साडेसहा फूट ठेवा. त्याहून कमी केली तर वाकून फिरावे लागते, जास्त केली तर काढणीला शिडी लागते. चार खांब साडेआठ फुटांचे, म्हणजे दोन फूट जमिनीत जातील. पुण्यातल्या बऱ्याच बंगल्यांच्या आवारात फूटभर मातीखाली मुरूम लागतो, तिथे पहार लागेल. खड्डा घेतल्यावर खांबाभोवती दगड ठासा आणि मग माती दाबा. सिमेंटची गरज नाही. वरच्या टोकाला नैसर्गिक बेचके असलेली मेढ (लाकडी खांब) मिळाली तर आडवा बांबू तिच्यात नुसता बसतो, बांध फक्त सरकू नये म्हणून मारायचा. चारही कोपऱ्यांतून बाहेरच्या दिशेने जमिनीत खुंटी मारून ताणाचा दोर द्या. वर दीड-दीड फुटावर तार आणि तिला आडवी सुतळी असे चौकटीचे छत विणा.

पायाशी गिरिपुष्पाच्या (ग्लिरिसिडियाच्या) मनगटाएवढ्या फांद्या पावसाच्या सुरुवातीला रोवल्या तर त्या फुटतात आणि काही वर्षे खांबाचे काम करतात. तोंडलीसारख्या कायमच्या वेलीला हा जिवंत खांब चांगला. शेवग्याची फांदीही लगेच फुटते, पण तिचे लाकूड ठिसूळ, वाऱ्यात मोडते.

मांडवावर वेल नेताना एक काम चुकवू नये. वेल मांडवाला पोचेपर्यंत एकच खोड ठेवा, बगलेतून फुटणारे सगळे फुटवे कोवळे असतानाच काढा. मांडवावर गेली की मुख्य शेंडा खुडा. तिथून बाजूच्या फांद्या पसरतात, आणि दुधीला मादी फुले अशा फांद्यांवरच जास्त येतात. भाजीवाले शेतकरी कारल्या-दोडक्याच्या मांडवात हेच करतात.

टोमॅटो आणि वाटाणा

टोमॅटोच्या उंच वाढणाऱ्या वाणांना दुपाखी ताटीच्या आढ्यावरूनच एक-एक सुतळी खाली सोडा. खालचे टोक खोडाच्या बुंध्याशी सैल फासाने बांधा आणि रोप वाढेल तसे दर आठवड्याला सुतळीचा एक वेढा खोडाभोवती घाला. वेढा पानाच्या देठाखालून जाऊ द्या, फुलांच्या घोसाखालून नको, नाहीतर टोमॅटो भरल्यावर घोस तुटतो. बुटक्या वाणांना तीन-साडेतीन फुटी एक काठी पुरे.

वाटाणा पुण्यात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पेरतात. त्याला काहीच बांधू नका. तुराटी किंवा छाटलेल्या फांद्या, बारीक फाट्यांसकट, ओळीत दाटीने खोचून द्या. त्या फाट्यांना वाटाणा इतका घट्ट धरतो की काढणीपर्यंत हात लावावा लागत नाही.

वेल चढवताना आणि बांधताना

खोड बांधायला जुन्या टी-शर्टच्या बोटभर रुंद पट्ट्या वापरा. कापड ताणते, काचत नाही. पट्टी आधी काठीला, मग मध्ये एक पीळ देऊन खोडाभोवती, अशी इंग्रजी आठाच्या आकारात घाला. मधल्या पिळामुळे खोड काठीवर घासत नाही. खोडाच्या बाजूचा फास बोट जाईल एवढा सैल ठेवा. बाइंडिंग तार आणि झिप टाय खोडाला कधीच नको.

वेल वळवायची असेल तर दुपारी वळवा. सकाळी पाण्याने भरलेली खोडे कडक असतात आणि काड्कन मोडतात. उन्हानंतर ती थोडी लवचीक होतात. तणाव्याने चुकीची जागा धरली असेल तर तो ओढू नका, कात्रीने कापा. पुढच्या पेराला दुसरा येतो.

दुधी किंवा लहान लाल भोपळा ताटीवर धरला तर फळ नारळाएवढे झाल्यावर कांद्याच्या जाळीच्या पिशवीत झोळीसारखे घ्या आणि पिशवी आढ्याला बांधा, दोऱ्याला नको. पिशवीतून पाणी आणि हवा जाते, त्यामुळे फळ सडत नाही.

वळीव, पावसाळा आणि हंगामाचा शेवट

एप्रिलच्या शेवटी एकदा आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा, सगळे बांध हाताने हलवून पाहा. सैल वाटलेला बांध वरून आणखी गुंडाळू नका, सोडून नव्याने मारा. जोराचा पाऊस होऊन गेला की बादल्यांची भोके मोकळी आहेत ना ते बघा. जुलै-ऑगस्टमध्ये ताटी गच्च भरते, तेव्हा खालच्या दोन फुटांतली पिवळी, म्हातारी पाने काढा. वारा पाखातून पार जायला वाट मिळते, रेटा कमी होतो आणि रोगही कमी पडतो.

सुतळी एका पावसाळ्यात कुजायला लागते. ही तिची उणीव समजू नका. हंगाम संपल्यावर वेल सोडवत बसायची गरज नाही, आढ्यापाशी आणि खाली दोरे कापायचे आणि वेल-सुतळी एकत्र तुकडे करून कंपोस्टमध्ये टाकायची. भुरी (पानांवर पांढरी भुकटी धरणारा रोग) किंवा केवडा पडलेली वेल मात्र कंपोस्टमध्ये घालू नका. नायलॉनची जाळी वापरली असेल तर वेल वाळू द्या, चुरगाळून झाडा आणि जाळी गुंडाळून सावलीत ठेवा. उन्हात सोडलेल्या जाळीचे तुकडे होऊन मातीत जातात आणि मग ते वेचून निघत नाहीत.

सांगाडा मोडायची गरज नाही. पावसाळी दोडका-कारले सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत आटोपले की त्याच ताटीवर नवी सुतळी ताणून वेलीचा घेवडा घ्या. जूनमध्ये लावलेला वाल असेल तर तो तसाच राहू द्या, त्याला शेंगा थंडीच्या तोंडावर लागतात आणि त्या सुतळीला मध्येच काथ्याचा जोड द्यावा लागतो. जानेवारी-फेब्रुवारीत उन्हाळी काकडी, दोडका, दुधी यांचे बी टोचायचे असते. त्याआधी पायांचा बादलीतला भाग उकरून पाहा. नखाने दाबल्यावर मऊ लागला तर तेवढा कापून टाका, पाय चार-सहा इंचांनी आखूड झाला तरी बिघडत नाही, चारही सारखे कापले म्हणजे झाले. उरलेल्या टोकाला सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा ओढून चढवा, पण तळ उघडा ठेवा, म्हणजे आत गेलेले पाणी निघून जाईल.